उन्हाळ्यात रोमला चार दिवस जाताय? या चुका टाळा

माझे सासरे अकोल्याचे. जूनमध्ये रोमला जायचं ठरलं, तेव्हा तिथलं तापमान बत्तीस-तेहतीस अंश असेल, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सूनबाई, त्याला आम्ही ऊन म्हणत नाही." आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता पॅलेटाइन टेकडीच्या पायऱ्यांवर त्यांना घेरी आली. पाणी पाजलं, सावलीत टेकवलं, अर्ध्या तासात बरं वाटलं. पण त्या अर्ध्या तासात मला जे उमगलं, त्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

अकोल्यात पारा चव्वेचाळीसवर असतो तेव्हा दुपारी दीड वाजता सासरे कुठे असतात? घरात, खिडकीला वाळ्याचा पडदा, कूलर चालू. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर. हे शहाणपण त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. रोममध्ये मात्र मी त्यांना भर दुपारी उघड्या दगडांवरून चालवलं, कारण तिकीट त्या वेळेचं काढलं होतं. रोमच्या सहलीतल्या बहुतेक चुका अशा घड्याळाच्याच असतात.

दुपार मोकळी न ठेवणं

कलोसियम, त्याला लागून असलेला रोमन फोरम आणि वरची पॅलेटाइन टेकडी हे तिन्ही मिळून निदान तीन तासांचं काम आहे, आणि फोरममध्ये सावली जवळजवळ नाहीच. म्हणून कलोसियमचा पहिला, साडेआठच्या आसपासचा स्लॉट घ्या. बाराच्या आत बाहेर पडा, जेवा, खोलीवर जाऊन झोपा. पाचला पुन्हा निघा. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळचे चार तास उजेडाचे हातात राहतात, आणि रोम खरं सुंदर दिसतं ते त्याच वेळी. कॅम्पिदोल्यो चौकाच्या मागच्या कठड्यावरून खाली पसरलेला फोरम उतरत्या उन्हात पाहा. त्याला तिकीट लागत नाही.

दुपारी झोप नको असेल तर छताखाली जा. टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरचं पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय बहुतेक जण वगळतात. तिथे सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या घरातली बागेची भित्तिचित्रं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही उन्हाळ्यासाठी जमिनीखाली एक खोली बांधली आणि तिच्या चारही भिंतींवर झाडं, फळं, पाखरं रंगवली. आपल्याकडच्या वाड्यातलं तळघर आठवतं की नाही?

दुपारी चर्चेस पाहू, असं मात्र ठरवू नका. बॅसिलिका म्हणतात ती मोठी, मुख्य चर्चेस सोडली तर अनेक चर्चेस साडेबारा-एकला बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. आम्ही चित्रकार कॅराव्हॅज्जोची चित्रं पाहायला दोन वाजता गेलो आणि बंद दारासमोर उभे राहिलो.

हॉटेल लांब घेणं

दुपारी परतायचं तर खोली जवळ हवी. स्वस्त म्हणून शहराच्या टोकाला हॉटेल घेतलं की दुपारची विश्रांती कागदावरच राहते. टर्मिनीजवळचा मोन्ती भाग किंवा मेट्रोच्या ए लाइनवरची ठिकाणं सोयीची. जुन्या इमारतीतलं अपार्टमेंट घेत असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा: एसी आहे का, आणि लिफ्ट आहे का. तिथल्या जाड भिंती पहिले दोन दिवस गारवा धरतात. उष्णतेची लाट आली की त्याच भिंती रात्रभर ऊब सोडतात.

शहराचा मुक्काम कर बुकिंगच्या रकमेत सहसा धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्री, हॉटेलच्या दर्जानुसार काही युरो असा हॉटेलातच भरायचा असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

तिकिटं "तिथे गेल्यावर बघू" म्हणणं

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. कलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी खुली होतात, व्हॅटिकन म्युझियम्सची ६० दिवस आधी. दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी बसा. रोमची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, तेवढं लक्षात घ्या. कलोसियमच्या तिकिटावर आता प्रत्येकाचं नाव असतं आणि ते दारात ओळखपत्राशी ताडून पाहतात. म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. घरातलं नाव, लग्नाआधीचं आडनाव असं काही चालत नाही.

तिकिटं संपलीच तर? आधी संकेतस्थळावरचे दुसरे प्रकार पाहा. साध्या तिकिटाखेरीज आखाड्याच्या पातळीवर किंवा तळघरात नेणारी तिकिटं वेगळी असतात आणि एक संपलं तरी दुसरं मिळू शकतं. रोमा पास, म्हणजे संग्रहालयं आणि बस-मेट्रोचा एकत्र पास, घेतला म्हणून कलोसियममध्ये थेट प्रवेश मिळत नाही, वेळ वेगळी राखावी लागते. काहीच मिळालं नाही तर बाहेरून कलोसियम पाहा आणि सम्राट कॅराकॅलाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांकडे वळा. तिथे गर्दी कमी आणि भिंती इतक्या प्रचंड, की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. उन्हाळ्यात तिथे रात्री उघड्यावर ऑपेरा होतो; ही प्रथा १९३७ पासूनची आहे. दारात उभे राहून दुप्पट-तिप्पट दराने "रांग टाळा" म्हणणाऱ्यांकडून मात्र तिकीट घेऊ नका.

बोर्गेझे गॅलरीला तर आरक्षणाशिवाय प्रवेशच नाही. दोन तासांचा स्लॉट मिळतो. शिल्पकार बर्निनीच्या संगमरवरी पुतळ्यात झाड होत चाललेल्या डॅफ्नीची बोटं पानं होताना पाहायची असतील तर हे पहिलं आरक्षण करा. मला विचाराल तर व्हॅटिकन म्युझियम्समधल्या सिस्टीन चॅपलची धक्काबुक्की एकवेळ सोडा, पण हे नको.

वार आणि सण न पाहणं

व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. तेव्हा सकाळी फुकट प्रवेश असतो, आणि म्हणूनच रांग भिंतीला वळसा घालून जाते. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. हे चार पैसे वाचवायला उन्हात दोन तास उभं राहणं परवडत नाही. बोर्गेझे सोमवारी बंद. बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चौकात पोपचं जाहीर दर्शन असतं, त्यामुळे बॅसिलिकात दुपारपर्यंत जाता येत नाही. जुलैत ही बुधवारची दर्शनं सहसा नसतात.

आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी १ मे जपावा. आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. व्हॅटिकन म्युझियम्स बंद आणि बसेसही कमी. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. १९४६ साली याच तारखेच्या सार्वमतात तिथल्या लोकांनी राजेशाही नाकारली. कलोसियमसमोरच्या रस्त्यावर सकाळी संचलन असतं आणि तो सगळा भाग बंद होतो. २९ जूनला रोमच्या रक्षक संतांचा, पीटर आणि पॉल यांचा सण; व्हॅटिकन म्युझियम्स पुन्हा बंद.

ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर १५ तारखेचा आठवडा टाळा. फेरागोस्तो म्हणतात त्याला. सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनची ही सुट्टी. रोमचे लोक समुद्रावर जातात आणि गल्लीतली घरगुती खानावळ, बेकरी, दुरुस्तीची दुकानं यांना कुलपं लागतात. उरतात ती पर्यटकांसाठी उघडी असलेली महागडी ठिकाणं.

व्हिसाला उशीर

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने किमान १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यासाठी तेवढ्यावर राहिलात तर अपॉइंटमेंटच मिळणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जिथे अपॉइंटमेंट मिळेल त्या देशाकडे अर्ज करणं. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. पॅरिसला पाच आणि रोमला चार रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. उतरलेल्या दिवशी दुपारचं कसलंही तिकीट काढू नका.

कपडे, चपला, पाणी

सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांनाही. बर्म्युडा घातलेल्यांना दारातून परत पाठवतात. बायकांनी पिशवीत एक सुती ओढणी ठेवावी; डोक्यावर, खांद्यावर, सगळीकडे चालते. रोमचे रस्ते सांपिएत्रिनी नावाच्या काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. त्यांच्या फटींत टाच अडकते आणि पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड टोचतो. जुने, पायाला बसलेले बूट न्या. नवे बूट घेऊन गेलेल्यांचे पाय मी दुसऱ्या दिवशी पाहिले आहेत.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोम हे पाणपोयांचं शहर आहे. १८७० च्या दशकापासून रस्तोरस्ती लोखंडी खांबांचे नळ आहेत, सुमारे अडीच हजार. वाकड्या नळामुळे लोक त्यांना नाझोनी, म्हणजे मोठी नाकं, म्हणतात. पाणी अखंड वाहतं, गार असतं, पिण्याजोगं असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंज्यासारखी धार येते आणि भांड्याशिवाय पिता येतं. सासऱ्यांना रोममधलं सर्वांत काय आवडलं, तर हे. आणि नदीकाठच्या टपऱ्यांवरचा ग्राताकेक्का: बर्फाच्या लादीवरून किसलेला बर्फ, वर सरबत, फळाचे तुकडे. आपल्या गोळ्याचा सख्खा भाऊ.

"शाकाहारी आहे" एवढंच सांगून थांबणं

तिथल्या वेटरला शाकाहार म्हणजे मटण नको एवढं समजतं. मासा त्यात बसतो असं काहींना वाटतं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे", म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही म्हणा. भोपळ्याच्या फुलांची भजी आपल्याला लगेच मोहात पाडतात, पण रोममध्ये त्यांच्या पोटात बहुधा चीजबरोबर अँचोव्ही मासा असतो. सुप्ली नावाच्या भाताच्या वड्यात अनेकदा खिम्याचा रस्सा असतो. काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, दिसायला शाकाहारी. पण पेकोरीनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. जे हे पाळतात त्यांच्यासाठी पिझ्झा मारिनारा उत्तम. त्यात चीज नसतंच, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. जैन मंडळींनी लसूण काढायला सांगावा. मुलांना सात वाजता भूक लागते आणि बऱ्याच खानावळी साडेसातला उघडतात, तेव्हा संध्याकाळी वजनावर विकला जाणारा चौकोनी पिझ्झा घेऊन ठेवा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या. टेबलावर बसलात की तीच कॉफी बरीच महाग पडते.

प्रवासात

टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए लाइन ही खिसेकापूंची आवडती ठिकाणं. पाकीट मागच्या खिशात नको, पाठीवरची सॅक पोटावर घ्या. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे. भाड्याची गाडी शहरात आणू नका. जुन्या भागात परवान्याशिवाय शिरलेल्या गाड्यांचे नंबर कॅमेरे टिपतात आणि दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते.

पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, मग व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवरचा भारतीय दूतावास गाठा. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत व दोन फोटो वेगळ्या पिशवीत असतील तर काम भराभर होतं. कुणाची तब्येत बिघडली तर ११२.

परतीच्या दिवसाआधी "शोपेरो" हा शब्द बातम्यांत शोधा. शोपेरो म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो आणि बहुधा शुक्रवारी असतो. शहरातल्या बस-मेट्रो संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ चालतात. विमानतळावर नेणारी लिओनार्दो एक्सप्रेस टर्मिनीहून ३२ मिनिटांत पोचते. रेल्वेचा संप असला तर आदल्या रात्रीच पांढऱ्या अधिकृत टॅक्सीची सोय करा. जुन्या तटबंदीच्या आतून फ्युमिचिनो विमानतळापर्यंत तिचं भाडं ठरलेलं असतं आणि ते माणशी नव्हे, गाडीमागे असतं.