जुन्या कॉम्प्युटरवर नव्याने ऑपरेटिंग सिस्टीम कशी टाकावी

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं घेतो, ब्राउझर उघडला की पंखा घरघरायला लागतो, मधूनच निळा पडदा येतो. अशा वेळी ‘एकदा फॉरमॅट मार, सुटशील’ असा सल्ला हमखास मिळतो. तो बऱ्याचदा बरोबरही असतो. पण फॉरमॅट मारणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम त्याआधी असतं: डिस्क धडधाकट आहे का ते बघणं, फायली सुखरूप बाहेर काढणं आणि मशीनला झेपेल अशी सिस्टीम निवडणं. एवढं नीट झालं की पुढचं काम निवांत होतं. इथे घाई केली, तर वर्षानुवर्षं जमवलेले फोटो एका क्लिकसरशी जातात आणि ते परत मिळतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आधी डिस्कची तब्येत

मशीन हळू चालण्याचं कारण दर वेळी विंडोजच असतं असं नाही. हार्ड डिस्क खराब व्हायला लागली की कॉम्प्युटर असाच अडखळतो. मग कितीही वेळा नवी सिस्टीम टाका, चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून विंडोज सुरू होत असेल तोवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम चालवून बघा. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर खालच्या यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या ओळी शोधा. दुसऱ्या ओळीतला आकडा शून्याहून जास्त असणं म्हणजे डिस्कवरच्या काही जागा आत्ताच नीट वाचता येत नाहीत. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नका. ज्या फायलींवाचून तुमचं अडेल, त्या सगळ्यात आधी कॉपी करून घ्या.

जुन्या मशीनमध्ये साधी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझं स्पष्ट मत आहे की नवी सिस्टीम तिच्यावर टाकूच नका. २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क; साटा हा जोडणीचा प्रकार) बसवा आणि तिच्यावर टाका. रॅम वाढवूनही जो फरक पडत नाही, तो यानं पडतो. शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी बाहेर निघते, तिच्यावरचं काहीही पुसलं जात नाही. यूएसबीला जोडायच्या केसमध्ये घातली की एखादी विसरलेली फाइल नंतरही काढता येते. त्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर मात्र तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच उतरवून ठेवा. तिच्याशिवाय ती डिस्क दुसरीकडे उघडणार नाही.

बॅकअप: विसरतो ते नेमकं काय?

डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळेच घेतात. राहून जातं ते डेस्कटॉप आणि डाउनलोड्सवरचं सामान. ही दोन्ही फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटबरोबर जातात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही तसेच. सिंक (ऑनलाइन खात्यात आपोआप जपणं) चालू असेल तर काळजी नाही, नसेल तर एक्स्पोर्ट करून घ्या. पासवर्डची ती फाइल कोणालाही वाचता येते, त्यामुळे नव्या सिस्टीमवर काम झालं की ती लगेच काढून टाका. ईमेल आउटलुकमध्ये असेल तर पीएसटी फाइल, हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा स्वतःचा डेटा फोल्डर, आणि विकत घेतलेल्या प्रोग्रामच्या लायसन्स की याही विसरू नका.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपायला हवी. जुनी पत्रं, लेख, पत्रिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या सिस्टीमवर त्या उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही कॉपी करून घ्या.

कॉपी झाल्यावर ती एक्स्टर्नल डिस्क शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-सहा फायली उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका.

कोणती सिस्टीम झेपेल?

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानानं आठव्या पिढीपासून सुरू होते. आडमार्गानं विंडोज ११ त्याहून जुन्या मशीनवर टाकता येते, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ७ चा तर १४ जानेवारी २०२० लाच. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होणार, त्यावर सुरक्षा अपडेट बंद झालेली सिस्टीम नव्यानं टाकणं मला पटत नाही.

अशा मशीनला लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चांगला आधार आहे. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरळीत चालते, आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिथे फारसं बावरायला होत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम २ जीबी असेल तर लुबंटू किंवा त्याहूनही हलकी अँटीएक्स बघा. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर पर्याय झपाट्यानं कमी होत चालले आहेत. डेबियननेही २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. अँटीएक्स २३ मात्र ३२-बिटमध्येही मिळते.

एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर निर्णय तिथेच होतो. विंडोज आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेली असेल तर १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी ते टिकतं, फक्त होम होतं तिथे होम आणि प्रो होतं तिथे प्रोच टाका.

पेनड्राइव्ह बनवणं

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, त्यामुळे आधी रिकामा करा. आयएसओ फाइल (जिच्यात अख्खी सिस्टीम असते ती) फक्त अधिकृत साइटवरून उतरवा. कोणीतरी ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ म्हणून दिलेली विंडोज घेऊ नका, तिच्या आत काय घुसवलंय ते कळायला मार्ग नाही. मिंटच्या साइटवर फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल तंतोतंत तीच आहे का ते ओळखायचा) दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा आकडा त्याच्याशी जुळला तरच पुढे जा. अर्धवट उतरलेली फाइल ऐन इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते.

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, नाहीतर रूफस वापरा. लिनक्ससाठी रूफस किंवा एचर, दोन्ही चालतात. आयएसओ नुसती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू होणार नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

मशीन बंद करा, पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताक्षणी बूट मेन्यूचं (कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण भराभर दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरच्या बऱ्याच मशीनवर ते एफ१२ असतं, एचपीवर एस्केप किंवा एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर बहुधा एस्केप. यादीत पेनड्राइव्हचं नाव कधी कधी दोनदा दिसतं, एकदा पुढे ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) लावून आणि एकदा नुसतं. हा फरक साधा नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल आणि तुम्ही यूईएफआयवाली ओळ निवडली, तर विंडोजचा इन्स्टॉलर डिस्क निवडायच्या पायरीवर अडतो आणि ‘या डिस्कवर टाकता येणार नाही, जीपीटी (नवी मांडणी) लागेल’ अशा अर्थाचा संदेश देतो. डिस्कवरचं डी ड्राइव्ह जपायचं असेल तर रीस्टार्ट करून दुसरी ओळ निवडा. डिस्क पूर्ण पुसायचीच असेल तर सगळी पार्टिशन (डिस्कचे भाग) काढून पुढे जा. विंडोज ११ ला मात्र यूईएफआयच हवं.

इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड बघा. तो रेड किंवा इंटेल आरएसटीवर असेल तर एएचसीआय करा. आधीच्या विंडोजसाठी हा बदल करू नका, ती सुरू व्हायची थांबू शकते. सगळं नव्यानं टाकायचं ठरलेलं असतानाच तो करावा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन

मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर जिच्यावर टाकायचं नाही तिची केबल काढून ठेवा. हा एकच उपाय चुकीची डिस्क पुसली जाण्यापासून शंभर टक्के वाचवतो.

विंडोजमध्ये प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, पुढे ‘कस्टम’चा पर्याय आला तर तो घ्या. मग पार्टिशनची यादी येते. इथे ड्राइव्हची अक्षरं दिसत नाहीत, नुसते क्रमांक आणि आकार दिसतात. म्हणून सी आणि डी किती जीबीचे आहेत ते आधीच कागदावर लिहून ठेवा. सगळं पुसायचं असेल तर त्या डिस्कची सर्व पार्टिशन डिलीट करा, ‘अनअलोकेटेड स्पेस’ एवढीच ओळ उरली की ती निवडून पुढे जा. नवी पार्टिशन इन्स्टॉलर स्वतः बनवतो. पहिल्या रीस्टार्टला बूट मेन्यू पुन्हा उघडू नका, नाहीतर तोच इन्स्टॉलर परत पहिल्यापासून सुरू होईल.

मिंटमध्ये पेनड्राइव्हवरूनच अख्खा डेस्कटॉप उघडतो. लगेच इन्स्टॉल दाबू नका. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का, हे तिथेच तपासून घ्या. तोवर डिस्कला काहीही झालेलं नसतं. समाधान झालं की इन्स्टॉलचं चिन्ह उघडा, मल्टिमीडिया कोडेक्सवर (गाणी-व्हिडिओ चालवायला लागतात ते) टिक करा आणि ‘इरेज डिस्क’ निवडा. पुसण्याआधी शेवटचा इशारा येतो, त्यात डिस्कचं नाव लिहिलेलं असतं. ते शांतपणे वाचा.

टाकून झाल्यावर

सगळ्यात आधी तारीख-वेळ बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं आणि मग प्रत्येक वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. दोष ना इंटरनेटचा असतो ना नव्या सिस्टीमचा. नाण्याएवढी ती बॅटरी बदलली की काम होतं.

वायफाय चालत नसेल तर फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा. त्या नेटवरून विंडोज अपडेट बहुतेक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आपसूक आणतं. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, काही वायफाय चिपचे ड्रायव्हर तिथेच मिळतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरलीच, तर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेलचा क्रमांक टाकून ड्रायव्हर शोधा.

अपडेट पूर्ण झाले, दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघितलं की मग फायली परत आणा. मिंट असेल तर त्याआधी टाइमशिफ्टनं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, पुढे काही बिघडलं तर सिस्टीम तिथवर मागे नेता येते. तुमच्या फायली त्यात येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच राहू द्या, आणि जुनी डिस्क किंवा बॅकअप निदान महिनाभर तरी दुसऱ्या कामाला घेऊ नका.