नॉरफोक बेटावरच्या गप्पांत कसे बसावे

कोकणातल्या ओसरीवर मालवणीत रंगलेल्या गप्पा दारात अनोळखी पाहुणा दिसताच प्रमाण मराठीकडे वळतात. पाहुण्याला वाटते, काय हे अगत्य. ओसरीवरच्या मंडळींना मात्र ठाऊक असते की मूळ विषय आता तो गेल्यावरच पुढे सरकणार. प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर असेच घडते. तिथे मालवणीच्या जागी नॉर्फक भाषा असते आणि प्रमाण मराठीच्या जागी इंग्रजी, एवढाच फरक. सिडनी किंवा ब्रिस्बेनहून चार दिवसांच्या सहलीला जाणाऱ्याला याची झळ लागत नाही. परंतु नोकरीनिमित्त किंवा अन्य कारणाने काही महिने तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला हे कोडे सोडवावेच लागते, आणि ते सोडवायला आपली भाषा अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

आधी थोडी पार्श्वभूमी माहीत असू द्यावी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या जनगणनेत तिथे २,१८८ माणसे मोजली गेली. ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावर १७८९ मध्ये बंड झाले, त्यातले नऊ बंडखोर प्रशांत महासागरातल्याच ताहिती बेटाच्या स्त्रीपुरुषांसह १७९० मध्ये पिटकेर्न बेटावर जाऊन लपले आणि तिथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडी अठराव्या शतकातली खलाशी इंग्रजी आणि ताहितीची भाषा यांची सरमिसळ झाली. पिटकेर्न अपुरे पडू लागले तेव्हा तिथले सगळे १९४ रहिवासी ‘मोरेशायर’ जहाजाने निघाले आणि ८ जून १८५६ रोजी नॉरफोकवर उतरले. काही कुटुंबे पुढे पिटकेर्नला परतली. उरलेल्यांनी जपलेली बोली म्हणजे नॉर्फक. शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होण्याचे दिवसही तिने पाहिले आहेत. २००४ मध्ये बेटाच्या विधिमंडळाने कायदा करून तिला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला आणि २००७ मध्ये युनेस्कोने तिची नोंद धोक्यात आलेल्या भाषांत केली. तेव्हा ‘ही तर मोडकीतोडकी इंग्रजी’ असे वाक्य मनातसुद्धा आणू नये. मालवणीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणणाऱ्याला आपण जे मनात म्हणतो, तेच आपल्याबद्दल म्हटले जाईल.

बोलण्याची सुरुवात तोंडाने होत नाही, हाताने होते. नॉरफोकवर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करण्याची रीत आहे. गाडी भाड्याने घेतली की पहिल्या दिवसापासून हे अंगवळणी पाडावे. त्यासाठी निरोपाला हलवतो तसा पंजा हलवण्याची गरज नाही. सुकाणूचक्रावरची एकदोन बोटे उचलली तरी पोचते. समोरचा ओळखीचा आहे की नाही याचा विचार करत बसल्यास गाडी निघून गेलेली असते आणि आपण आखडू ठरतो. रस्त्यात गाई असतील तर थांबावे, कारण तिथे पहिला हक्क त्यांचा आहे. हा नियम आपल्याकडच्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

त्यानंतर अभिवादन. ‘वॉटअवे योर्ली?’ म्हणजे ‘तुम्ही सगळे कसे आहात?’ आणि त्याला उत्तर ‘कुशू’, म्हणजे ‘छान, बरे आहे’. निरोप घेताना ‘सी योर्ली मोर्ला’ म्हणतात; ‘मोर्ला’ म्हणजे उद्या. एवढी तीन वाक्ये पाहुण्याने वापरली तर कोणी हरकत घेत नाही, उलट चेहरे खुलतात. धोका पुढे आहे. तीन वाक्यांच्या भांडवलावर चौथे वाक्य स्वतः रचून, उच्चाराची नक्कल करून बोलू लागले की ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटू शकते. मुंबईहून आलेला जावई सासुरवाडीला ‘काय गो, कसा चल्लाहा?’ असे नाटकी हेल काढून बोलू लागला की कुडाळच्या घरात जी अवघड शांतता पसरते, ती आठवावी. पहिले काही आठवडे ऐकत राहावे, इंग्रजीत सरळ उत्तर द्यावे आणि कळलेला एखादा शब्द तेवढा आपल्या वाक्यात सहज येऊ द्यावा. आपल्याला समजते आहे, हे लक्षात आल्यावर मंडळी हळूहळू भाषा बदलण्याचे थांबवतात. तिथपर्यंत पोचलो तरी पुष्कळ आहे.

ऐकताना कान कुठे लावावा? माझे मत असे की नामे, क्रियापदे नंतर. आधी सर्वनामे पकडावीत. इथेच मराठी माणसाचा हात वरचढ ठरतो. इंग्रजीभाषक पाहुण्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक मुळापासून समजावून सांगावा लागतो; आपल्याला तो दुधाबरोबर मिळालेला असतो. ‘आम्ही मासे धरायला जाणार आहोत’ आणि ‘आपण मासे धरायला जाऊ’ यांत निमंत्रण कोणत्या वाक्यात आहे, हे मराठी पोरालाही कळते. नॉर्फकमध्ये हा फरक दोघांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. ‘हिमी’ म्हणजे आपण दोघे, मी आणि ऐकणारा तू. ‘मीएन्हेम’ म्हणजे मी आणि तो, तू वगळून. दुसरी व्यक्ती स्त्री असेल तर ‘मीएन्हर’. ‘यूटू’ म्हणजे तुम्ही दोघे आणि ‘डेमटू’ म्हणजे ते दोघे. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकताना जे द्विवचन निरुपयोगी वाटले होते, ते इथे किराणा दुकानाच्या दारात जिवंत भेटते. तेव्हा कोणी ‘हिमी’ म्हणाले तर समजावे की बोलावणे आपल्याला आहे. ‘मीएन्हेम’ म्हणाले तर ती केवळ माहिती आहे, आणि ‘मीही येतो’ असे म्हणून गळ्यात पडू नये.

याच माळेतला आणखी एक शब्द जपून हाताळावा. ‘अक्लान’ म्हणजे ‘आम्ही, आम्हांला’, पण त्यात ‘आम्ही इथली, पिटकेर्नहून आलेल्यांची माणसे’ असा आतला अर्थ भरलेला असतो. बेटावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून येऊन स्थायिक झालेले पुष्कळ लोक आहेत. तो शब्द आपण ऐकावा, समजून घ्यावा आणि वापरू नये.

शब्दसंग्रह वाढवताना उच्चारापासून आरंभ केला तर निम्मे काम होते. जुन्या खलाशी इंग्रजीतला दंतोष्ठ्य, म्हणजे खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून काढलेला ‘व’ इथे ओठ गोल करून उच्चारलेला ‘व’ झाला आहे, त्यामुळे अन्नाला ‘वेटल्स’ म्हणतात. हा बदल इंग्रजीभाषकाच्या कानाला खटकतो. दोन्ही उच्चारांना एकाच ‘व’ने भागवणाऱ्या आपल्या लिपीला तो जाणवतही नाही. ताहितीकडून आलेला ‘नावी’ म्हणजे पोहणे, ‘प्लन’ म्हणजे केळे, ‘सालान’ म्हणजे माणसे. ‘हिली’ मात्र नीट चाखून घ्यावा: काम समोर आहे, करवत नाही, आणि न केल्याची फारशी लाजही वाटत नाही, अशी जी एक सुस्ती असते ती हिली. जेवणानंतरच्या कोकणी दुपारी तिला अपरिचित नाहीत.

लिहून ठेवताना एक अडचण येते. नॉर्फकच्या लेखनाच्या एकाहून अधिक पद्धती आहेत, त्यामुळे एकच शब्द पाटीवर एक, पुस्तकात दुसरा आणि साप्ताहिकात तिसऱ्या रूपात दिसतो. वहीत कानाला ऐकू आले तसे देवनागरीत टिपावे, शेजारी ज्या रूपात छापलेले दिसले ते रूप उतरवावे, आणि कोणते बरोबर यावरून वाद घालू नये. भ्रमणध्वनीवर कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर आधी विचारावे. नकार आला तर विषय तिथेच सोडावा. सवय होण्यासाठी रेडिओ नॉरफोक लावून ठेवावा आणि ‘द नॉरफोक आयलंडर’ या साप्ताहिकाचा अंक हाती आला तर सूचना आणि जाहिराती आधी वाचाव्यात, कारण गावात काय चालले आहे ते तिथे कळते.

नावांची गंमत वेगळीच. क्रिश्चन, क्विंटल, अॅडम्स, मकॉय, बफेट, इव्हान्स, नॉब्स अशी मोजकी आडनावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिल्यामुळे माणूस आडनावाने सापडत नाही, आणि म्हणून तिथल्या दूरध्वनी पुस्तिकेत टोपणनावांच्या नोंदी असतात. भाज्या, प्राणी, बालपणीचे बोबडे उच्चार, सगळे त्यात भेटते. अख्खी वाडी परबांची असली की ‘परबांकडे जायचे आहे’ या वाक्याला अर्थ उरत नाही, तसेच हे. पुस्तिकेत छापले आहे म्हणून ते नाव तोंडावर वापरण्याची मुभा आपल्याला मिळाली, असे समजू नये. समोरच्याने स्वतः त्या नावाने ओळख करून दिली, की मग बिनदिक्कत वापरावे. शिवाय इतक्या लहान बेटावर कोणाबद्दलही कोणापाशी कुरकुर करू नये, कारण ऐकणारा त्याचा मावसभाऊ निघण्याची शक्यता बरीच असते.

कुजबुजीला तिथे स्वतःचा शब्द आहे: ‘डेम टल’, म्हणजे ‘लोक सांगतात’. मराठीत वाक्याच्या शेपटाला ‘म्हणे’ लावले की जबाबदारी हवेत विरून जाते, तेच काम हा शब्द करतो. डेम टल ऐकावे, हसावे आणि पुढे सरकवू नये.

गप्पांचा हमखास विषय म्हणजे जहाज. बेटाला मोठे जहाज धक्क्याला लागेल असे बंदरच नाही. मालवाहू जहाज दूर नांगर टाकते, लहान होड्यांवर माल उतरवला जातो आणि त्या होड्या किंग्स्टन किंवा कॅस्केड यांपैकी ज्या धक्क्यावर वारा आणि लाट परवानगी देतील तिथे आणतात. समुद्र खवळला की जहाज थांबून राहते आणि दुकानातली मांडणी रिकामी दिसू लागते. म्हणून ‘जहाज कधी?’ हा प्रश्न म्हणजे नुसती चौकशी नसून शिधा, औषधे आणि गाडीचे सुटे भाग यांची एकत्र काळजी असते. दुसरा विषय पाऊस. घरोघरी छपरावरचे पाणी टाकीत साठवतात. २०२० मध्ये दुष्काळ इतका टोकाला गेला की समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रणा घेऊन ऑस्ट्रेलियाचे सैनिक आले. पाहुण्याने पंधरा मिनिटे शॉवरखाली उभे राहणे हे तिथे भाषेच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठे ठरेल. ताजी फळे आणि भाज्या बाहेरून आणण्यावर कडक निर्बंध असल्याने बहुतांश भाजीपाला बेटावरच पिकतो आणि ऋतूप्रमाणे मिळतो. तेव्हा ‘आज टोमॅटो का नाहीत?’ असे विचारण्याऐवजी ‘सध्या काय निघाले आहे?’ असे विचारावे.

कोणी स्वयंपाकघरात बोलावले तर आढेवेढे न घेता जावे, कारण बोली तिथे सर्वांत मोकळी असते. हिरवी केळी किसून नारळाच्या दुधात शिजवलेला ‘मडा’, केळी किंवा रताळे किसून भाजलेली ‘पिल्ही’, खडकावरच्या गोगलगाईंसारख्या शिंपल्यांची ‘हिही पाय’ हे तिथले पदार्थ. नारळ खवायला, केळी किसायला हात पुढे करावा. खवणीवर वाढलेल्या माणसाचा हात बेताने फिरतो, करवंटीचा काळा भाग दुधात पडू देत नाही, हे बघणाऱ्याला न सांगता कळते; आणि काम करणाऱ्या माणसासाठी कोणी भाषा बदलत नाही. गप्पा डोक्यावरून गेल्या तरी मध्येच ‘म्हणजे काय?’ असे विचारू नये. शब्द मनात धरून ठेवावा आणि भांडी घासताना एकट्या यजमानीणबाईंना विचारावा.

एक विषय स्वतःहून काढू नये. बेट ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतले, पण १९७९ पासून त्याला स्वशासन होते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा करून विधिमंडळ बरखास्त केले आणि २०१६ पासून प्रादेशिक परिषद आणि मुख्य भूमीची करपद्धती लागू झाली. यावर एकाच घरात दोन मते असू शकतात आणि दोन्ही कडक असतात. ‘आमच्याकडेही दिल्ली असेच करते’ हा शेरा कितीही जिभेवर आला तरी गिळावा.

८ जूनचा दिवस सापडला तर तो चुकवू नये. त्या दिवशी १८५६ च्या पोशाखात मंडळी किंग्स्टनच्या धक्क्यावर पुन्हा ‘उतरतात’ आणि तिथून मिरवणूक निघते. किंग्स्टनला बेटावर ‘टाउन’ म्हणतात आणि तिथे जायचे ते नेहमी ‘डाउन टाउन’. दुकाने मात्र वर बर्न्ट पाइनला आहेत. ‘टाउनला या’ असा निरोप मिळाल्यावर नवखा माणूस दुकानांकडे जाऊन उभा राहतो. आपण खाली समुद्राकडे वळावे, धक्क्याजवळ पोचावे, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक गाडीला बोट उचलावे.