मूलभूत हक्कांवरचे निकालपत्र कसे वाचावे

हक्कांविषयीच्या निकालाची बातमी आपल्यापर्यंत एका ओळीत पोहोचते आणि ती ओळ बहुतेक वेळा अर्धीच खरी असते. निकालपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि थोड्या सवयीने ती कोणालाही वाचता येतात. सरावासाठी मी नेहमी ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा १० जुलै १९८५ चा निकाल सुचवतो. न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो दिला होता.

आधी कोणी काय मागितले ते वेगळे लिहून काढावे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस, खुद्द फूटपाथवर राहणारे काही जण आणि इतरांनी याचिका केल्या. राहती जागा गेली की जवळचे काम जाते आणि काम गेले की जगणेच अशक्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बाजूचा मुद्दाही तितक्याच प्रामाणिकपणे टिपावा. फूटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे याचिकाकर्त्यांनी उच्च न्यायालयात मान्य केले होते, तेव्हा आता तोंड फिरवता येणार नाही, असे महापालिकेने म्हटले. न्यायालयाने ते मानले नाही, कारण घटनेने दिलेला हक्क कोणाच्या कबुलीने संपत नाही.

यानंतर ज्या कलमावर वाद आहे त्यातला शब्दन् शब्द वाचावा, कारण खरा अर्थ तिथेच लावला जातो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण हटवू शकतात. ‘हटवू शकतात’ म्हणजे तसा अधिकार आहे, नोटीस देऊच नये अशी आज्ञा नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. त्यामुळे नोटीस देणे हा नियम आणि न देणे हा अपवाद ठरला, आणि कलम रद्द न करताही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, सुसंगत राहिले.

आता शेवटचा आदेश वाचावा, आणि इथे घाई करू नये. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे या निकालाचे प्रसिद्ध वाक्य. परंतु फूटपाथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही त्याच निकालात आहे. कारवाई पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबवली गेली. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फूटपाथवासीयांना मुंबईतल्याच मालवणी भागात किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, असे सांगितले गेले, मात्र ती हटवण्याची पूर्वअट ठरवली नाही. हक्क मान्य झाला, पण घर वाचले नाही. हे अंतर मला आजही अस्वस्थ करते, आणि बातमीच्या एका ओळीत नेमके तेच हरवते.

महापालिकेच्या नोटिशीला उत्तर देताना या निकालाचा आधार घ्यायचा असेल, तर केवळ नाव न लिहिता परिच्छेद क्रमांक द्यावा आणि त्यानंतरच्या मोठ्या पीठाने तो मुद्दा बदललेला नाही ना, हे वकिलांकडून तपासून घ्यावे.