लष्करी विमानातून अमेरिकेच्या रीजनल एअरलाइनकडे

एफएएची (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची) मिलिटरी कॉम्पिटन्सी, म्हणजे लष्करी वैमानिकांसाठीची लेखी परीक्षा सेवेत असतानाच उरकून घ्या. ती पास झाली आणि लष्करी कागदपत्रं चोख असली, की कमर्शियल लायसन्स वेगळी उड्डाण-चाचणी न देता मिळतं.

एरवी एटीपीसाठी, म्हणजे एअरलाइन वैमानिकाच्या लायसन्ससाठी, 1500 तास उड्डाण लागतं. लष्करी वैमानिकाला 750 तासांवर, वयाच्या 21व्या वर्षापासून, रिस्ट्रिक्टेड (मर्यादित) एटीपी मिळू शकतं. त्यावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) होता येतं, कॅप्टन नाही. त्याआधी एटीपी-सीटीपी हा पूर्वतयारीचा कोर्स अनिवार्य: 30 तास वर्ग, 10 तास सिम्युलेटर. एटीपीची लेखी परीक्षा त्यानंतरच. हेलिकॉप्टरवाल्यांनी विमानावरचे 250 पीआयसी (प्रमुख वैमानिक म्हणून केलेले) तास आधी मोजावेत. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

सगळ्यात जास्त गोंधळ लॉगबुकात होतो. हवाई दल टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचा वेळ धरतं. नागरी नियमात विमान उड्डाणासाठी हललं की घड्याळ सुरू. म्हणून काही एअरलाइन कंपन्या दर सॉर्टीमागे (लष्करी उड्डाणामागे) 0.2 किंवा 0.3 तास वाढवू देतात. ही वाढ वेगळ्या रकान्यात ठेवा, मूळ आकड्यात कधीच मिसळू नका. मुलाखतीत आकडे जुळले नाहीत, तर शंका थेट तुमच्या सचोटीवर येते, आणि ती पुसणं फार अवघड असतं.

टी-38 या दोन इंजिनांच्या लष्करी प्रशिक्षण जेटवर मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांची विमानं उडवण्याची पात्रता) घेतलंत, तर लायसन्सवर सेंटरलाइन थ्रस्टची मर्यादा छापून येते, कारण दोन्ही इंजिनं मध्यरेषेलगत असल्यानं एक बंद पडल्यावर विमान फारसं वळत नाही. पंखांवर इंजिनं असलेल्या विमानात चाचणी देऊन ही मर्यादा काढून घ्या, तीही एअरलाइनकडे अर्ज करण्याआधी.