ऑब्जेक्टच्या पोटातले ऑब्जेक्ट आणि लिस्ट कसे इनिशियलाइझ करावेत

'ऑर्डर' नावाचा एक क्लास धरा. त्यात 'ग्राहक' हा ऑब्जेक्ट, ग्राहकात 'पत्ता', शिवाय ऑर्डरमध्येच 'वस्तू' ही लिस्ट. जावा किंवा सी शार्पमध्ये नवी ऑर्डर बनवून लगेच पत्त्यातलं शहर भरायला गेलात, की प्रोग्रॅम तिथेच कोलमडतो. फील्ड (क्लासमधली माहितीची जागा) जाहीर केल्याने ऑब्जेक्ट तयार होत नाही. तिथे नल, म्हणजे 'काहीच नाही', असतो.

आधी लिस्ट उरकून घ्या. क्लासमध्ये 'वस्तू' जिथे जाहीर करता, त्याच ओळीत तिला नवी रिकामी लिस्ट द्या. 'वस्तूच नाहीत' हे सांगायला रिकामी लिस्ट पुरते, नल कशाला?

मग ग्राहक. तो नसेल तर ऑर्डरला अर्थच नाही, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) मागून घ्या. पत्ता मात्र खरोखरच नसू शकतो. तिथे उगाच कोरा पत्ता बनवू नका. नल राहू द्या आणि वापरण्याआधी तपासा. आणखी एक: ऑर्डरने ग्राहक बनवायचा आणि ग्राहकाने पुन्हा ऑर्डर, असं झालं तर स्टॅक (फंक्शन कॉल्सची मेमरी) भरेपर्यंत दोघं एकमेकांना बनवत बसतात.

अ‍ॅरे वापरत असाल तर पाच ग्राहकांचा अ‍ॅरे म्हणजे पाच नल. लूप फिरवून प्रत्येक जागी नवा ग्राहक ठेवावा लागतो.

सी शार्पमध्ये २००७ पासून ऑब्जेक्ट बनवतानाच महिरपी कंसात थेट व्हॅल्यू भरता येतात. सोय झकास, पण खाचही तिथेच आहे. 'पत्ता', पुढे बरोबरचं चिन्ह (=), मग 'न्यू' न लिहिता थेट कंस, असं लिहिलं तरी कोड बिनतक्रार कंपाइल होतो. त्याचा अर्थ मात्र 'आधीपासून असलेल्या पत्त्यात भर' असा होतो. पत्ता नल असेल तर चालवताना एरर. लिस्टचंही तसंच: 'न्यू' नसेल तर जुन्याच लिस्टमध्ये भर पडते, नवी बनत नाही.

पायथॉनमध्ये दुखणं वेगळं. कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली, तर ती फंक्शन जाहीर होताना एकदाच बनते आणि डिफॉल्टवर विसंबलेल्या सगळ्या ऑर्डर तीच वापरतात. एकीत वस्तू टाकली की दुसरीतही दिसते! डिफॉल्ट 'नन' (None, पायथॉनमधला नल) ठेवा, लिस्ट कन्स्ट्रक्टरच्या आत बनवा.

एवढं करूनही नल निघालाच, तर तो नेमका कुठल्या पायरीवर आहे ते शोधा. जावा १५ पासून (२०२०) एरर मेसेजच ते सांगतो. इतरत्र ऑर्डर-ग्राहक-पत्ता-शहर अशी लांबलचक साखळी तोडून एकेक पायरी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, म्हणजे एररचा ओळ क्रमांकच उत्तर देतो.