वळवाच्या दिवसांत सांबऱ्याहून उडताना

एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या सांबरा विमानतळावर सकाळी आठला आभाळ स्वच्छ असतं आणि चारला गारा पडतात. मधल्या तासांत काय शिजतंय हे ओळखायला आधी मेटारमधले, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातले, दोन आकडे बघा: तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो).

वर चढणारी हवा दर १,००० फुटांना ३ अंशांनी थंड होते, तिचा दवबिंदू मात्र जेमतेम अर्ध्या अंशाने उतरतो. म्हणून दोघांतल्या फरकाला ४०० ने गुणलं की ढगाचा तळ मिळतो. तापमान ३६, दवबिंदू २० असेल तर ६,४०० फूट. हा आकडा जमिनीपासूनचा. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर, त्यामुळे अल्टिमीटरवर (विमानातल्या उंचीमापकावर) तळ ८,९०० च्या आसपास येईल. ही बेरीज नवखे हमखास विसरतात.

ऊन रोजचंच, फरक पाडतो तो ओलावा. काल दवबिंदू १४ आणि आज २०, तर घाट चढून दमट हवा आली समजा. ढग धरला की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते. मग तीच हवा हजार फुटांना दीडेक अंशच थंड होते, भोवतालपेक्षा गरम राहते आणि वर वर जात राहते. खानापूरकडचे ढग बाराच्या आतच रुंदीपेक्षा उंच दिसले आणि त्यांच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या रेखीव असल्या, तर दुपारची फेरी रद्द केलेली बरी.

घात ढगापेक्षा त्याच्याखालून सुटणारा वारा जास्त करतो. पाऊस जमिनीला टेकला की थंड हवा कोसळून चहूकडे पसरते आणि पावसाच्या १५-२० किलोमीटर पुढेही पोचू शकते. शेतातून धुळीची भिंत सरकताना दिसली तर ती हीच. उतरताना हा वारा आधी समोरून लागतो, वेग वाढतो, आपण पॉवर कमी करतो. काही सेकंदांत तो पाठीमागून येतो, वेग घसरतो आणि विमान खाली बसतं. छोट्या इंजिनाला तिथून सावरणं अवघड, त्यात उन्हाने विरळ झालेली हवा.

मोठ्या वादळापासून ३७ किलोमीटर, म्हणजे २० नॉटिकल मैल, लांब राहा. ऐरणीसारख्या माथ्याखालून जाऊ नका, तिथून गारा बाहेर फेकल्या जातात. एक ढग तासाभरात विरतो, पण त्याच्याच थंड वाऱ्याने शेजारी दुसरा उठतो. म्हणून पाऊस थांबला तरी विमान बांधलेले दोर लगेच सोडू नका.