मादक फुलांचं परफ्यूम निवडताना

मोगरा, जाई, निशिगंध अशा पांढऱ्या फुलांच्या वासात इंडोल नावाचं संयुग असतं. नुसत्या गोडव्याला मादक, अंगाशी बिलगणारी ऊब येते ती बरीचशी त्याच्यामुळे. म्हणून असं परफ्यूम लावणारी बाई ठाम, स्वतःत रमलेली वाटते. लाजरीबुजरी तर नाहीच. (स्वभाव बाटलीतून येत नाही, हा भाग वेगळा!) घेण्याआधी कागदी पट्टीवर विसंबू नका. मनगटावर एक फवारा मारा, चोळू नका आणि निदान अर्धा तास थांबा. पहिल्या 10-15 मिनिटांत वरवरचा ताजा वास उडून जातो, खरी फुलं त्यानंतर उमलतात. ओ द पार्फम (सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त असलेला तीव्र प्रकार) असेल तर दोन फवारे पुरे. लिफ्टमध्ये तिसरा जाचतो.